मळ्यावरची अक्षय तृतीया

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पन्नास वर्षांचा टप्पा गाठलेल्या संस्थेच्या व्यासपीठावरून संस्थेच्या कार्याचा गौरव होणे स्वाभाविक आहे आणि अन्य वक्ते तो करतीलच. या व्याख्यानाचा विषय मात्र लहान आणि घरगुती आहे. शहरोशहरी विखुरलेले आप्त एखाद्या मंगल प्रसंगी गावाकडच्या मळ्यावर एकत्र येतात, दोन दिवस राहतात आणि परत जातात. या येण्याजाण्याचा अर्थ काय आणि ते पुढच्या पिढीपर्यंत टिकावे असे वाटत असेल तर काय करावे लागेल, एवढाच हा विषय आहे.

शेतकरी जैन

जैन म्हणजे व्यापारी, अशी एक सर्वसाधारण समजूत आहे. कोल्हापूर, सांगली आणि बेळगाव या जिल्ह्यांत फिरणाऱ्याला ती अपुरी असल्याचे लगेच कळते. कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा यांच्या काठच्या गावांत पिढ्यानपिढ्या नांगर धरणारा जैन समाज मोठ्या संख्येने आहे. शिक्षणासाठी रयत शिक्षण संस्था स्थापन करणारे कर्मवीर भाऊराव पाटील कुंभोजचे, याच शेतकरी जैन परंपरेतले. दक्षिण भारत जैन सभेची स्थापना १८९९ साली झाली, तिचाही मोठा आधार हाच ग्रामीण समाज होता.

या समाजाला शेतीचा संकोच वाटण्याचे कारण नाही. भगवान आदिनाथांनी कर्मभूमीच्या आरंभी लोकांना जी सहा कर्मे शिकवली, त्यांत असि, मसि, विद्या, वाणिज्य आणि शिल्प यांच्या जोडीला कृषी आहे. ज्या इक्ष्वाकु वंशात भगवंत जन्मले त्या वंशाच्या नावाचा संबंध आपले पुराणकार इक्षूशी, म्हणजे उसाशी जोडतात. उसाच्या फडात वाढलेल्या मुलाला आदिनाथांची कथा परकी वाटू नये, अशीच ही योजना आहे.

अक्षय तृतीयेची कथा सर्वांना ठाऊक आहे, तरीही तिच्यातील एका तपशिलाकडे लक्ष वेधावेसे आहे. दीक्षेनंतर सहा महिन्यांचा उपवास पूर्ण करून भगवान आहारासाठी निघाले. गावोगावी लोक त्यांच्या दर्शनाला धावले. कोणी रत्ने पुढे केली, कोणी वस्त्रे आणली, कोणी हत्ती-घोडे आणि रथ आणले, कोणी आपल्या कन्या अर्पण करू लागले. भक्तीत कोणाच्याही उणे नव्हते. पण समोर उभ्या असलेल्याला काय हवे आहे, हे मात्र कोणालाच उमगले नाही. असे महिने गेले. अखेर हस्तिनापुरात राजा श्रेयांसाला पूर्वजन्मी केलेल्या मुनिदानाचे स्मरण झाले आणि त्याने विधिपूर्वक इक्षुरसाचा आहार दिला. तो दिवस वैशाख शुद्ध तृतीयेचा. श्वेतांबर परंपरेत वर्षीतपाचे पारणेही याच दिवशी उसाच्या रसाने होते. श्रेयांस दानतीर्थाचा प्रवर्तक ठरला. इतरांनी दिले ते मोलाने कितीतरी अधिक होते, परंतु घेणाऱ्याच्या गरजेचे नव्हते. हा भेद ध्यानात ठेवून पुढची हकिगत ऐकावी.

एका मळ्यावरचा सोहळा

शिरोळ तालुक्यातील एका गावाबाहेर नऊ एकरांचा एक मळा आहे. बांधाला नारळाची आठ-दहा झाडे, विहीर, गोठ्यात तीन म्हशी आणि उसाच्या मधोमध कौलारू घर. वडील २०१४ साली निवर्तले. मागे आई, तीन मुलगे आणि दोन मुली. थोरले अण्णा मळ्यावर राहून शेती करतात. मधले पुण्यात नोकरीला आहेत, धाकटे इचलकरंजीत यंत्रमागाच्या व्यवसायात. बहिणींपैकी अक्का निपाणीला, सुखवस्तू घरात. धाकटी ताई सांगलीला. पतीच्या निधनानंतर ती साड्यांना फॉल-पिको आणि पोलक्यांची शिलाई करून दोन मुलांचे शिक्षण करीत होती.

२०२० आणि २०२१ या दोन वर्षांत महामारीमुळे कोणी कोणाकडे गेले नव्हते. २०२२ साली अक्षय तृतीया ३ मे रोजी आली. आईंना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत होती. म्हणून सर्वांनी मळ्यावर जमावे, पूजन व्हावे, आईंचा अमृतमहोत्सव साधेपणाने साजरा करावा असे ठरले. मुले, सुना, जावई, नातवंडे, चुलत घरे अशी चाळीस माणसे आली. कोणी रेल्वेने जयसिंगपूरला उतरले, कोणी मोटारींनी आले.

दोन दिवसांच्या पाहुण्याला मळा रम्य वाटतो. तिथे बारा महिने राहणाऱ्याला तो कसा दिसतो, हेही पाहिले पाहिजे. चाळीस माणसांच्या घरात शौचालय एक. शेतीपंपाची वीज त्या आठवड्यात रात्रीची. सोहळ्याच्या आदल्या रात्री अण्णा पाहुण्यांत बसलेच नाहीत. साडेअकराला विजेरी घेऊन ते उसाला पाणी पाजायला गेले, पहाटे चिखलाचे पाय धुऊन परतले आणि अभिषेकाच्या तयारीला लागले. त्यांच्या पत्नी, म्हणजे घरच्या वहिनी, तीन वाजता उठल्या होत्या. धारा काढायच्या, दूध डेअरीला घालायचे आणि चाळीस माणसांचे पाणी गाळायचे होते. दुहेरी जाड कापडातून विहिरीचे पाणी गाळून, कापडावर राहिलेली जीवाणी पुन्हा विहिरीत सोडण्याचा नेम त्या घरात कधी चुकलेला नाही. चार माणसांसाठी तो सोपा आहे, चाळीस माणसांसाठी ते अर्ध्या दिवसाचे काम होते.

त्या पहाटे एक लहानशी गोष्ट घडली. पुण्याहून आलेली पुतणसून, संगणक क्षेत्रात काम करणारी, पाण्याचा आवाज ऐकून उठली आणि न विचारता वहिनींच्या शेजारी कळशी धरून उभी राहिली. तिच्या नवऱ्याने आदल्या रात्रीच काकांबरोबर फडात जाऊन एका सरीतून दुसऱ्या सरीत पाणी कसे वळवायचे ते शिकून घेतले होते. सोहळ्यात सत्कार झाला तो आईंचा. पण वहिनी पुढे कित्येक दिवस सांगत राहिल्या ते त्या कळशीचे. पाहुण्याने यजमानाच्या हातातले काम घेणे हाच मळ्यावरचा पहिला आहेर होय.

सकाळी गृहचैत्यालयात अभिषेक आणि पूजन झाले. गाळप हंगाम संपून गेला असला तरी रसासाठी अण्णांनी बांधालगतची एक सरी राखली होती. तो ऊस मुलांनी स्वतः तोडला, चरकात घातला. आईंनी प्रथम देवापुढे आणि मग प्रत्येकाच्या हातावर रस दिला. जेवणात खपली गव्हाची गुळातली खीर, पुरणपोळी, आमरस, कैरीची डाळ, कांद्या-लसणाविना केलेली आमटी. संध्याकाळची पंगत सूर्य मावळण्यापूर्वी उठली. शहरात रात्री नऊला जेवणाऱ्या नातवंडांना ते नवल वाटले. दिवा लागल्यावर अंगणात त्यांची गाणी आणि आजीच्या गोष्टी रंगल्या. लवकर जेवल्याने संध्याकाळ केवढी मोठी होते, हे त्यांना तिथे कळले.

गोष्टींत २०१९ च्या महापुराचीही गोष्ट निघाली. त्या ऑगस्टमध्ये शिरोळ तालुक्यातील असंख्य मळ्यांप्रमाणे हा मळाही पाण्याखाली गेला. उभा ऊस कुजला. तेव्हा आई आणि नातवंडे वीस दिवस अक्कांच्या घरी निपाणीला होती. म्हशी हातकणंगल्याकडच्या एका आप्ताने उंचावरच्या गोठ्यात नेल्या. धाकट्या भावाने इचलकरंजीहून पूर ओसरताच चारा धाडला. ताईंच्या सांगलीच्या घरातच पाणी शिरले होते, तरी त्या चिखल काढायला मळ्यावर आल्या. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा तेच. या देण्याघेण्याची नोंद कोणत्याही चोपडीत नाही. तत्त्वार्थसूत्रात आचार्य उमास्वामींनी जीव एकमेकांना उपकारक असल्याचे सांगितले आहे. त्या वचनाचा अर्थ या कुटुंबाने पुराच्या पाण्यात उभे राहून शिकला होता.

साडी आणि सही

येथवर हकिगत सुखाची आहे. आता तिच्यातील कठीण भाग.

वडिलांच्या पश्चात सातबारा उताऱ्यावर आई, तीन भाऊ आणि दोन बहिणी अशी सहा नावे लागली होती. भावांमध्ये तीन-तीन एकरांची तोंडी वाटणी झाली होती, कागदावर काहीच नव्हते. पीककर्ज असो की पुराची नुकसानभरपाई, प्रत्येक वेळी सर्वांची संमतीपत्रे गोळा करताना अण्णांची दमछाक होई. त्यांची अडचण खरी होती. त्यावर पुण्याच्या भावाने उपाय काढला. सर्वजण जमतच आहेत, तर दोन्ही बहिणींकडून हक्कसोडपत्र करून घ्यावे. मसुदा तयार झाला. सोहळ्याच्या दुसऱ्या दिवशी दुय्यम निबंधक कार्यालयात जाण्याचे ठरले. दोघी बहिणींसाठी भारी इरकली साड्या घेतल्या गेल्या. बहिणींना मात्र यातले काही ठाऊक नव्हते.

हा प्रकार वाईट माणसांनी केला असे मुळीच नाही. समाजात सर्वत्र हेच चालते आणि म्हणूनच त्याविषयी बोलणे आवश्यक आहे. माहेरवाशिणीला सणाला बोलवावे, गोड जेवू घालावे, साडीचोळी करावी आणि निघताना एक सही घ्यावी. सही दिली तर माहेर उघडे राहते, न दिली तर बंद होते. ही अट कोणी उच्चारत नाही, पण प्रत्येक बहिणीला ती ऐकू येते.

त्या संध्याकाळी साड्या दिल्या गेल्या आणि पुण्याच्या भावाने सहज सांगितल्यासारखे उद्याच्या कामाचे सांगितले. अक्का म्हणाल्या, "मला जमीन नको रे. पण मागायच्या आधी एकदा विचारायचं होतंस." ताई काही बोलल्या नाहीत. मांडीवरच्या साडीचा काठ त्या बोटांनी चाचपीत राहिल्या. रोज दुसऱ्यांच्या साड्यांना फॉल लावणाऱ्या त्या हातांना त्या साडीची किंमत बरोबर कळत होती.

तेव्हा आई बोलल्या. "साडी आईच्या वाढदिवसाची आहे ना? मग ती तशीच राहू दे. कागद आजच्या दिवशी नको. आणि जो कागद होईल तो पोरींना वाचून दाखवून होईल." एवढे बोलून त्यांनी नातीला जवळ बोलावले आणि आदिनाथांच्या मुलींची गोष्ट सांगायला सांगितली.

पाठशाळेत शिकलेल्या त्या मुलीने सांगितले की भगवंतांनी आपल्या दोन कन्यांपैकी ब्राह्मीला लिपी शिकवली आणि सुंदरीला अंक शिकवले. ती मुलांसाठीची साधी कथा आहे. पण त्या अंगणात तिचा अर्थ मोठ्यांनाही चुकला नाही. ज्या परंपरेत पहिले अक्षर आणि पहिला अंक कन्येच्या हाती दिला, त्या परंपरेतील बहिणीकडून न वाचलेल्या कागदावर अक्षरे गिरवून घ्यावीत, हे कसे शोभावे?

आचार्यांचे मत आणि आजचा कायदा

मुलींचा हिस्सा ही पाश्चात्त्यांकडून आलेली कल्पना आहे, असे काही ज्येष्ठ मंडळी म्हणतात. त्यांनी आचार्य जिनसेनांचे आदिपुराण पाहावे. नवव्या शतकातील या ग्रंथात गृहस्थाने घराचा भार सोडताना धनाची व्यवस्था कशी लावावी ते सांगितले आहे. एक भाग धर्मकार्यासाठी, दुसरा घरखर्चासाठी आणि तिसरा अपत्यांत वाटण्यासाठी. त्या वाटणीत कन्या पुत्रांच्या बरोबरीने समान अंशाच्या अधिकारी आहेत, असे आचार्यांनी निःसंदिग्ध शब्दांत म्हटले आहे. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळातील एका दिगंबर आचार्यांचे हे मत आहे.

देशाचा कायदा तिथे फार उशिरा पोहोचला. १९५६ चा हिंदू वारसा कायदा जैनांनाही लागू आहे. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीला जन्मतः हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने काही अटींसह १९९४ साली केली. केंद्राने ती ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर लागू केली. त्या दिवशी वडील हयात असोत वा नसोत, मुलीचा हक्क अबाधित आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी दिला. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र यामुळे मोडत नाहीत. हक्क सोडण्याची मोकळीक कायद्याने ठेवली आहे, परंतु ते सोडणे स्वेच्छेने आणि नोंदणीकृत दस्तानेच व्हायला हवे.

धर्माच्या दृष्टीनेही पाहता येईल. अचौर्य अणुव्रताचा अर्थ न दिलेली वस्तू न घेणे असा आहे. संकोचाने, भिडेने, माहेर तुटेल या भीतीने झालेली सही ही 'दिलेली' वस्तू म्हणावी काय, याचा निर्णय प्रत्येक गृहस्थाने आपल्या मनाशी करावा.

पुढे काय झाले

त्या मळ्यावरचा मसुदा पिशवीतून बाहेर आला नाही. महिन्याभराने जयसिंगपुरात एका वकिलांकडे सहाही जण बसले. नऊ एकरांचे सहा समान हिस्से, प्रत्येकी दीड एकर, असा हिशेब कागदावर मांडला गेला. अक्कांनी आपला दीड एकर अण्णांना राजीखुशीने सोडून दिला. त्यांचे म्हणणे असे की पूर आला तेव्हा रात्रंदिवस तिथे उभे राहणारा तोच आहे, तर त्याच्याजवळच जमीन असावी. ताईंनी आपला हिस्सा ठेवला. तो अण्णाच कसतात आणि खर्च वजा जाता येणारे उत्पन्न दरवर्षी अक्षय तृतीयेला, सर्वांसमोर हिशेब वाचून, त्यांना देतात. पहिल्या वर्षीच्या त्या रकमेतून ताईंच्या थोरल्या मुलाची अभियांत्रिकी पदविकेची फी भरली गेली. अण्णांची संमतीपत्रांची दगदगही बरीच कमी झाली, कारण आता कोणाची किती जमीन याबद्दल संदेह उरला नाही.

सर्वच गोड झाले असे मात्र नाही. पुण्याच्या भावाने मनात तीन एकर धरले होते, त्यांना दीड मिळाले. ते रागावले. २०२३ च्या अक्षय तृतीयेला ते मळ्यावर आले नाहीत, मुलगा आणि सून आले. त्या वर्षीच्या क्षमावणीला आईंनी स्वतः त्यांना दूरध्वनी केला. २०२४ साली १० मे रोजी ते आले, सर्वांबरोबर रस घेतला, हिशेबाचे वाचन ऐकले आणि मुक्काम न करता संध्याकाळी परतले. आईंनी त्यांना थांबण्याचा आग्रह केला नाही. "आला, पुरे आहे," इतकेच म्हणाल्या.

भरत आणि बाहुबली हे सावत्र भाऊ होते. भूमीसाठी दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध करण्यापर्यंत त्यांच्यातील वैर गेले. बाहुबली जिंकले आणि जिंकलेले तिथेच सोडून वनात गेले. कुंभोजच्या टेकडीच्या पायथ्याशी १९६३ पासून उभी असलेली अठ्ठावीस फूट उंचीची बाहुबलींची मूर्ती त्या परिसरातील प्रत्येक शेतकऱ्याने पाहिली आहे. सर्वस्व सोडणे गृहस्थाला साधणार नाही. परंतु बांध कोरण्याची इच्छा होईल तेव्हा त्या मूर्तीच्या अंगावरच्या वेली आठवणे त्याला नक्कीच साधेल.

आहेराविषयी थोडेसे

कापडाच्या पेढीवर 'देण्याघेण्याची साडी' असा एक स्वतंत्र प्रकार मागितला जातो. ती कोणी नेसण्यासाठी घेत नाही. एका लग्नातून दुसऱ्या लग्नात, दुसऱ्यातून तिसऱ्या बारशात ती घडीसकट फिरत राहते आणि घडीवरच विरते. टोपी, उपरणे आणि टॉवेल यांचेही तेच. अशा आहेराने कापडाचा खप होतो, नात्याचा धागा मात्र त्यात कुठेच नसतो. चाळीस पाहुण्यांनी आणलेले चाळीस आहेर आणि परतफेडीचे चाळीस आहेर यांचा खर्च मांडला, तर अनेक मळ्यांवर स्नानगृहासह दुसरे शौचालय बांधून होईल, आणि ते वहिनींच्या अधिक उपयोगाचे असेल. भगवंतांपुढे वस्त्रे आणि रत्ने घेऊन उभ्या राहिलेल्या त्या भाविकांची चूक हीच होती. त्यांनी आपल्याजवळ काय आहे ते पाहिले, समोरच्याला काय हवे ते पाहिले नाही.

या हकिगतीतून समाजाने काही गोष्टी ठरवून घ्याव्यात, अशी विनंती आहे. मळ्यावरच्या सोहळ्याला शक्यतो एक दिवस आधी जावे आणि वहिनींना विचारून एखादे काम अंगावर घ्यावे. आहेर बंद करावा, किंवा सर्वांनी मिळून यजमानाच्या गरजेची एकच वस्तू द्यावी. मुलांना फडात, विहिरीवर, गोठ्यात न्यावे. पाचट न जाळता सरीतच कुजवले तर किती जीव वाचतात आणि जमिनीला किती खत मिळते, हे त्यांना अण्णांसारख्या शेतकऱ्याकडून ऐकू द्यावे. सणाच्या दिवशी कोणताही कागद पुढे करू नये. कागदाचा दिवस वेगळा ठेवावा, त्या दिवशी बहिणींना सोबत वकील वा जाणकार आणण्याची मोकळीक असावी, आणि जे लिहिले ते मोठ्याने वाचून दाखवावे. ट्रस्टनेही सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने वर्षातून एक दिवस जाणकार वकील आणि महसुली कामाची माहिती असलेले निवृत्त अधिकारी यांना बोलावून वारसा, वाटणी आणि नोंदी यांविषयी मार्गदर्शन ठेवले, तर अनेक घरांतील अबोला टळेल.

हिशेब स्पष्ट झाला की नाते कोरडे होते, अशी भीती अनेकांना वाटते. व्यापारातला अनुभव उलट सांगतो. ज्या दोन पेढ्यांचा हिशेब दिवाळीला मिळतो, त्यांचा व्यवहार तीन पिढ्या चालतो. ज्यांचा हिशेब 'आपसात आहे' म्हणून लांबणीवर पडतो, त्यांची दुकाने एकाच बाजारपेठेत असूनही त्यांची तोंडे दोन दिशांना असतात. घराचेही तसेच आहे. जमिनीचा हिशेब पूर्ण झाला की मग पुरात धाडलेल्या चाऱ्याचा, वीस दिवस सांभाळलेल्या आईचा आणि पहाटे धरलेल्या कळशीचा हिशेब कोणी मागत नाही, तो तसाच अक्षय राहतो.

येत्या अक्षय तृतीयेला ज्यांना ज्यांना मळ्यावरून बोलावणे येईल, त्यांनी अवश्य जावे. रिकाम्या हाताने गेले तरी चालेल. हात कामाला लागावेत आणि परतताना बहिणीने मागे वळून पाहावे असे माहेर तिथे उरावे, एवढी मंगल कामना व्यक्त करून हे व्याख्यान येथे पूर्ण होते.

जय जिनेंद्र.